रहस्यकादंबरीची गोडी

रात्रीची जेवणे आटोपलेली असतात. घरातील मंडळी एकेक करून अंथरुणाला पाठ टेकतात. एखादा मुलगा मात्र दिव्याजवळ पुस्तक धरून बसलेला असतो. आई दोन वेळा हाक मारते. "एवढे प्रकरण संपवून येतो," असे तो सांगतो. ते प्रकरण संपते. पण ते अशा ठिकाणी संपते की, पुढचे उघडल्यावाचून राहवत नाही. वाऱ्याने खिडकीचे दार वाजले तरी त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. भीती तर वाटते आहे आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही! अशा वेळी त्याची बोटे नकळत पुस्तकाच्या शेवटच्या पानाकडे वळतात. 'अपराधी कोण, एवढेच पाहून घेऊ,' असा मोह त्याला होतो.

तुमच्यापैकी पुष्कळांना हा अनुभव आला असेल. ज्यांना आला नसेल, त्यांना तो पुढेमागे खचित येईल. ही भीती गोड का वाटते आणि त्या मोहाला बळी पडल्याने आपण नेमके काय गमावतो, याचा आज थोडा विचार करू.

साधी गोष्ट ऐकताना आपण एकच प्रश्न विचारतो : पुढे काय झाले? रहस्यकादंबरी वाचताना मात्र आपल्या मनात दोन प्रश्न एकाच वेळी जागे असतात. पुढे काय होणार, हा एक. आणि मागे खरोखर काय घडले, हा दुसरा. कारण रहस्यकादंबरीत वस्तुतः दोन कथा असतात. एक कथा पुस्तक उघडण्यापूर्वीच घडून गेलेली असते आणि ती कोणी तरी लपवून ठेवलेली असते. दुसरी कथा त्या लपवलेल्या कथेच्या शोधाची. शोध पुढे सरकतो, तसतशी मागची कथा उलगडत जाते. एक पाऊल पुढे टाकावे आणि मागची वाट थोडी अधिक उजळावी, असा हा विलक्षण प्रवास असतो.

अशा प्रकारच्या कथेचा आरंभ बहुधा 1841 साली झाला, असे मानतात. त्या वर्षी एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने पॅरिस शहरातील एका गूढ खुनाची कथा लिहिली आणि केवळ तर्काच्या बळावर तो उलगडणारा एक बुद्धिमान पुरुष वाचकांपुढे उभा केला. पुढे या कथाप्रकाराला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती सर आर्थर कॉनन डॉयल या ब्रिटिश लेखकाने. डॉयल हे व्यवसायाने डॉक्टर होते. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असताना डॉ. जोसेफ बेल हे त्यांचे अध्यापक होते. रोगी समोर येऊन बसला की, त्याची चाल, हात, कपडे यांवरून डॉ. बेल त्याचा धंदा व पूर्वायुष्य यांविषयी अचूक अनुमान बांधीत. ही निरीक्षणाची कला डॉयल यांच्या मनात ठसली. तिच्यातूनच पुढे 1887 साली शेरलॉक होम्स हा जगप्रसिद्ध गुप्तहेर जन्मास आला.

डॉयल यांनी होम्सवर 56 कथा व 4 कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी आपण उदाहरणादाखल घेऊ. 'हाउंड' म्हणजे शिकारी कुत्रा आणि 'बास्करव्हिल' हे एका जुन्या जमीनदार घराण्याचे नाव.

या कादंबरीच्या जन्माची हकिकतही मनोरंजक आहे. होम्सच्या कथा लिहून कंटाळलेल्या डॉयल यांनी 1893 साली एका कथेत आपल्या नायकाचा शेवट करून टाकला होता. वाचक हळहळले, रागावलेही. पुढे 1901 साली एका मित्राने डॉयल यांना इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूर या माळरानाशी निगडित असलेली भुताच्या कुत्र्याची आख्यायिका सांगितली. डॉयल स्वतः तो प्रदेश पाहून आले. वर दगडांचे सुळके असलेल्या उजाड टेकड्या, माणसाला गिळून टाकणारी दलदल, प्राचीन लोकांच्या दगडी झोपड्यांचे अवशेष, अचानक उतरणारे दाट धुके आणि त्या ओसाडीत उभा असलेला एक तुरुंग! रहस्यकथेला याहून योग्य भूमी कोठे मिळणार? होम्सच्या मृत्यूपूर्वीची हकिकत म्हणून डॉयल यांनी ही कादंबरी लिहिली. ऑगस्ट 1901 पासून एप्रिल 1902 पर्यंत 'स्ट्रँड' या मासिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली.

म्हणजे त्या काळच्या वाचकांना एकेका भागानंतर महिनाभर थांबावे लागे. त्यांच्या हाती शेवटचे पान नव्हतेच. महिनाभर ते तर्क लढवीत, वाद घालीत आणि पुढच्या अंकाची वाट पाहत. ही वाट पाहणे हा शिक्षेचा भाग नसून आनंदाचाच भाग होता, हे ध्यानात ठेवा.

आता कथेकडे वळू. होम्सच्या घरी कोणी एक पाहुणा येऊन, तो घरी नसल्यामुळे परत गेला आहे आणि जाताना आपली काठी विसरला आहे. काठीवर डॉ. मॉर्टिमर हे नाव, 1884 हे साल आणि काही आद्याक्षरे कोरलेली आहेत. होम्स आपला मित्र डॉ. वॉटसन याला विचारतो, की या काठीवरून तुला काय दिसते? वॉटसन काठीचे झिजलेले टोक पाहतो आणि म्हणतो, की हा खेड्यात पायी हिंडणारा, वयस्क डॉक्टर असावा. ती आद्याक्षरे एखाद्या शिकारमंडळाची असावीत, असेही तो सांगतो. होम्स हसतो. डॉक्टर खेड्यातला आहे, पुष्कळ चालतोही, हे त्याला मान्य आहे. परंतु ती आद्याक्षरे लंडनमधील एका रुग्णालयाची आहेत, असे तो दाखवून देतो. शहरातील रुग्णालय सोडताना मित्रांनी दिलेली ही भेट असणार. तेव्हा तो माणूस तिशीच्या आतला असावा. तो विसराळू आहे. कारण तासभर बसून जाताना भेटीची चिठ्ठी ठेवण्याऐवजी तो काठीच ठेवून गेला. आणि काठीच्या मध्यभागी दातांच्या खुणा आहेत. तेव्हा त्याच्याजवळ एक मध्यम आकाराचा कुत्राही आहे! थोड्याच वेळात डॉ. मॉर्टिमर कुत्र्यासह दारात उभे राहतात.

पाहा, अजून कोणताही भयंकर प्रसंग घडलेला नाही. केवळ एक काठी! पण या पहिल्याच प्रकरणात लेखकाने आपल्याला वाचायचे कसे, हे शिकवून ठेवले आहे. काठी वॉटसनने पाहिली, आपणही पाहिली. त्याने जे पाहिले, तेच होम्सने पाहिले. फरक डोळ्यांत नव्हता. पाहिलेल्या गोष्टीचा विचार करण्यात होता. रहस्यकादंबरीची पहिली गोडी ही अशी आहे. ती आपल्याला स्वस्थ बसून ऐकू देत नाही; 'सांग, तुला काय दिसते?' असे ती सारखे विचारीत राहते.

पुढे डॉ. मॉर्टिमर एक जुने हस्तलिखित वाचून दाखवतात. बास्करव्हिल घराण्यातील एका दुष्ट पुरुषाचा एका राक्षसी कुत्र्याने बळी घेतला आणि तेव्हापासून त्या घराण्यामागे शाप लागला, अशी ती आख्यायिका. नुकताच त्या घराण्यातील सर चार्ल्स बास्करव्हिल यांचा आपल्या वाड्याच्या आवारात मृत्यू झाला आहे. अंगावर जखम नाही. हृदय बंद पडून मृत्यू. परंतु एका ठिकाणापासून पुढे त्यांच्या पाउलांचे ठसे बदललेले आहेत. ते जणू चवड्यांवर चालत गेले! होम्स म्हणतो, की तो माणूस चालत नव्हता, तो जीव घेऊन पळत होता. कशापासून? प्रेतापासून काही अंतरावर एका प्रचंड कुत्र्याच्या पायांचे ठसे डॉ. मॉर्टिमर यांनी स्वतः पाहिलेले असतात.

आता वारस म्हणून तरुण सर हेन्री कॅनडाहून लंडनला येतो आणि तेथेच चमत्कारिक गोष्टी घडू लागतात. वर्तमानपत्रातील छापील शब्द कातरून चिकटवलेले एक निनावी पत्र त्याला मिळते. त्याहूनही चमत्कारिक गोष्ट बुटांची. सर हेन्री उतरला आहे त्या हॉटेलमधून त्याच्या नव्या कोऱ्या तपकिरी बुटांपैकी एक बूट नाहीसा होतो. हे बूट त्याने एकदाही पायात घातलेले नसतात. लवकरच त्याच्या जुन्या, वापरलेल्या काळ्या बुटांपैकी एक बूट चोरीस जातो. आणि मग पहिला नवा बूट खोलीतच सापडतो! एकच बूट कोणाच्या काय कामाचा? आणि चोराने नवा बूट परत करून जुना का न्यावा?

या प्रश्नाचे उत्तर मी येथे देणार नाही. मात्र एवढे सांगतो, की उत्तर शोधण्यास लागणारी सर्व माहिती तुम्हांला वर मिळालेली आहे. चांगल्या रहस्यकादंबरीचा हाच मोठा गुण असतो. ती वाचकाला चकवते, पण फसवीत नाही. पुरावा सर्वांदेखत मांडलेला असतो. आपले लक्ष मात्र दुसरीकडे वळवलेले असते. 1930 साली लंडनमध्ये रहस्यकथालेखकांनी 'डिटेक्शन क्लब' नावाची एक संस्था स्थापन केली. अ‍ॅगाथा ख्रिस्ती, जी. के. चेस्टरटन यांसारखे नामवंत लेखक तिचे सभासद होते. महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवून ठेवणार नाही, अशी शपथ तेथे घ्यावी लागे. खेळात जसे नियम, तसे या लेखनातही असतात. लेखक आणि वाचक यांच्यामधील बुद्धीचा हा एक सामनाच असतो आणि हरलो तरी ज्यात आनंद होतो, असा हा सामना आहे.

सर हेन्रीसोबत डार्टमूरच्या वाड्यात जातो तो वॉटसन. होम्स मागे राहतो. ही लेखकाची फार चतुर योजना आहे. होम्स जवळ असता, तर आपण निर्धास्त झालो असतो. आता संकट वॉटसनच्या अंगावर आणि त्याच्याबरोबर आपल्याही अंगावर येते. रात्री वाड्यात कोणा स्त्रीचे हुंदके ऐकू येतात. माळरानावरून एक लांबच लांब, दुःखी आवाज येतो. तुरुंगातून पळालेला एक खुनी कैदी त्याच परिसरात लपलेला असतो. चांदण्या रात्री टेकडीच्या सुळक्यावर कोणी तरी अनोळखी पुरुष स्तब्ध उभा असलेला दिसतो आणि पाहता पाहता नाहीसा होतो. वॉटसन हे सारे पत्रांतून होम्सला कळवतो. ती पत्रे आपणच वाचतो आहोत; तेव्हा होम्सचे काम जणू आपल्यालाच करावे लागते.

या वाड्यात बॅरीमोर नावाचा एक नोकर आहे. त्याला काळी दाढी आहे. लंडनमध्ये सर हेन्रीचा पाठलाग करणाऱ्या माणसालाही काळी दाढी होती. हा बॅरीमोर मध्यरात्री हळूच उठतो आणि एका खिडकीशी मेणबत्ती धरून अंधारात पाहत उभा राहतो. वाचकाचा संशय पक्का होतो : हाच तो! परंतु त्या मेणबत्तीमागचे कारण कळते, तेव्हा ते अगदी निराळे आणि माणुसकीचे असल्याचे दिसून येते आणि आपल्याला आपल्या घाईची थोडी लाज वाटते.

हा भाग वाचला की, मला माझ्या शिक्षकी आयुष्यातील एक प्रसंग हटकून आठवतो. माझ्या वर्गातील एका मुलाची नवी कंपासपेटी मधल्या सुट्टीत नाहीशी झाली. सर्व मुले बाहेर खेळत होती. एकटा एक मुलगा वर्गात बसून होता, असे दोघातिघांनी सांगितले. झाले! साऱ्या वर्गाची नजर त्याच्याकडे वळली. मीही त्याला उभे करून कठोर शब्दांत विचारले. तो काही बोलला नाही; खाली मान घालून उभा राहिला. त्याचे ते गप्प राहणे म्हणजे अपराधाची कबुलीच, असे मी समजलो. दोन दिवसांनी वर्ग झाडताना शिपायाला ती पेटी कपाटामागे सापडली. पेटीच्या मालकानेच ती कपाटावर ठेवली होती आणि तो विसरून गेला होता. मग तो मुलगा सुट्टीत वर्गात का थांबला होता? त्याच्याजवळ डबा नव्हता. इतरांसमोर ते दिसू नये, म्हणून तो आत बसून राहत असे. मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. परंतु त्या दोन दिवसांत त्याने जे सोसले, ते मला परत घेता आले नाही.

रहस्यकादंबऱ्या मी तरुणपणापासून वाचीत आलो होतो. पण कोणाकडे बोट दाखविण्यापूर्वी पुरावा तपासावा आणि 'याखेरीज दुसरे कारण असू शकेल काय?' असे स्वतःला विचारावे, हे त्यांतून शिकण्यासारखे आहे, ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले. संशय येणे हे सोपे असते. तो तपासून पाहणे कठीण असते. पुस्तकात घाई केली, तर आपण फक्त चुकतो. व्यवहारात घाई केली, तर निरपराध माणसाचे मन दुखावते.

हीच गोष्ट भीतीची. त्या शापित कुत्र्याच्या आख्यायिकेवर डार्टमूरच्या लोकांचा विश्वास असतो. आपल्याकडेही अमक्या विहिरीपाशी काही दिसते, तमक्या पिंपळावर काही आहे, अशा गोष्टी गावोगाव सांगतात. होम्स त्या लोकांच्या भीतीला हसत नाही. कारण एक माणूस खरोखर मेला आहे. पण तो त्या भीतीपुढे मानही तुकवीत नाही. ठसे कोठे होते, किती अंतरावर होते, त्या रात्री हवा कशी होती, असे प्रश्न तो विचारतो. भीतीला प्रश्न विचारू लागले की, ती हळूहळू लहान होऊ लागते. वाचताना आपल्या अंगावर काटा येतो, तो गोड वाटण्याचे कारण हेच. या अंधाराच्या पलीकडे उजेड आहे आणि तेथवर नेणारी वाट आपल्या बुद्धीची आहे, असा विश्वास मनात कोठे तरी असतो.

'रहस्यकथा वाचून मुले बिघडतात,' असे काही वडीलधारी माणसे म्हणत. त्यांच्या म्हणण्यात मुळीच तथ्य नाही, असे नाही. केवळ रक्तपात आणि पाठलाग यांनीच भरलेल्या पुस्तकांनी बुद्धीला काहीच काम मिळत नाही. अभ्यास व झोप बाजूला सारून वाचलेले चांगले पुस्तकही वाईटच. परंतु निवड करून वाचणाऱ्याला या क्षेत्रात विपुल भांडार आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून असंख्य लोकांना वाचनाची गोडी लावली. भा. रा. भागवत यांचा 'फास्टर फेणे' तर तुमच्याच वयाचा आहे. बंगाली भाषेत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी 1932 साली ब्योमकेश बक्षी आणि सत्यजित राय यांनी 1965 साली फेलूदा या चतुर शोधकांना जन्म दिला. शेरलॉक होम्सच्या कथाही मराठीत अनुवादरूपाने वाचावयास मिळतात.

आता अखेर त्या शेवटच्या पानाकडे येऊ. ते आधी उघडले, तर काय बिघडते? उत्तर मिळते, हे खरे. परंतु ते आपले उत्तर नसते. गणिताच्या पुस्तकामागची उत्तरे पाहून कोणाला गणित आल्याचे ऐकिवात नाही. डोंगर न चढता शिखराचे चित्र पाहण्यासारखेच ते आहे. न कळण्याची ती हुरहुर, चुकलेले तर्क, बदललेले संशय आणि मग एकाएकी सारे धागे जुळून आल्याचा तो क्षण, हे सारे मिळून रहस्यकादंबरीचा आनंद होतो. आणि म्हणूनच, पुस्तक वाचून झाल्यावर ते न वाचलेल्या मित्राला अपराध्याचे नाव सांगणे हेही योग्य नव्हे. तो त्याचा आनंद हिरावून घेण्यासारखे आहे.

एकदा रहस्य कळले की पुस्तकाचा रस संपला, पिळून काढलेल्या उसाचा चोथा उरला, असे कोणी म्हणेल. चांगल्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही. ते दुसऱ्यांदा वाचावे. पहिल्या वेळी आपण वॉटसनबरोबर चालत असतो. दुसऱ्या वेळी लेखकाच्या शेजारी बसतो. लेखकाने खूण कोठे ठेवली होती, आपले लक्ष कसे दुसरीकडे नेले होते, हे आता दिसू लागते आणि 'हे तर माझ्या डोळ्यांसमोरच होते!' असे आपण आश्चर्याने उद्गारतो.

तेव्हा मुलांनो, आज घरी गेल्यावर त्या दोन बुटांचा विचार करा. नवा बूट परत का आला आणि जुनाच का हवा होता? उत्तर सुचले तर ते कागदावर लिहून ठेवा आणि मग पुस्तक मिळवून वाचा. तुमचे उत्तर बरोबर ठरले, तर होम्सही तुम्हांला शाबासकी देईल. चूक ठरले, तरी वाईट वाटून घेऊ नका. वॉटसन तुमच्या सोबतीला आहेच. फक्त शेवटचे पान शेवटीच उघडा.